ग्रामवाचनालयाच्या ग्रंथसूचीसाठी लिनक्सवर वेब सर्व्हर कसा उभारावा

डिचोली तालुक्यातील एका ग्रामवाचनालयाची ग्रंथसूची संगणकावर आणावी आणि वाचकांना ती वाचनालयाच्या वाय-फायवरून मोबाइलवर पाहता यावी, एवढ्याच हेतूने गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या डेस्कटॉपवर वेब सर्व्हर उभा केला. यंत्र साधे होते : चार जीबी मेमरी, जुनी हार्ड डिस्क काढून बसवलेली एसएसडी आणि एक लहान यूपीएस. सूची मात्र साधी नव्हती. गोव्यातील जुन्या वाचनालयांत आढळतात तशी तिच्यात मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज अशी तिन्ही भाषांची पुस्तके होती. शिवाय पावसाळा तोंडावर आला होता. लिपी आणि वीज या दोन गोष्टींनी जितका वेळ घेतला तितका बाकीच्या सगळ्या मांडणीने मिळूनही घेतला नाही, म्हणून पुढील विवेचनातही त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

वाचण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. आज्ञा, फाइलींची नावे आणि मार्ग येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत, लहान अक्षरांतच टंकावेत, कारण लिनक्स लहान-मोठ्या अक्षरांत भेद करते.

चार थर आणि त्यांचे सांधे

वेब सर्व्हरची पूर्ण मांडणी चार थरांची असते. तळाशी लिनक्स, त्यावर मागणी स्वीकारणारा वेब सर्व्हर, बाजूला नोंदी सांभाळणारा डेटाबेस आणि या दोहोंना जोडणारी, पान प्रत्यक्ष घडवणारी पीएचपी. पूर्वी या जागी बहुधा अपाची आणि मायएसक्यूएल असत. येथे अपाचीऐवजी इगोर सिसोयेव्ह यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला एन्जिन-एक्स घेतला आहे, कारण कमी मेमरीच्या यंत्रावर तो हलका चालतो; आणि मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी, कारण डेबियन या लिनक्स वितरणाच्या भांडारात तीच आयती मिळते. आपली प्रणाली एचटीअ‍ॅक्सेस फाइलींवर (फोल्डरनिहाय नियम लिहिलेल्या अपाचीच्या फाइलींवर) अवलंबून असेल तर मात्र अपाचीच घ्यावा. तो जुना आहे म्हणून टाकाऊ नाही.

अनुभवाने पटलेली गोष्ट अशी की थर स्वतः क्वचितच बिघडतात, बिघडतात ते त्यांच्यामधले सांधे. म्हणून चारही गोष्टी एकाच आज्ञेत बसवून मग दोष शोधत बसण्यापेक्षा एक थर बसवावा, तो चालतो याची खात्री करावी आणि मगच पुढच्याला हात घालावा.

डेबियन १३, म्हणजेच ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ट्रिक्सी ही आवृत्ती, पेनड्राइव्हवरून बसवताना दोन ठिकाणी थांबून विचार करावा. रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्याचा पासवर्ड विचारला जातो तेव्हा ती चौकट रिकामी सोडली, तर पहिल्या सामान्य वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे रूटच्या वतीने आज्ञा देण्याचा, अधिकार आपोआप मिळतो आणि पुढचा बराच त्रास वाचतो. नंतर सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉपसमोरच्या खुणा काढून टाकाव्यात आणि एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून या यंत्रात शिरण्यासाठी) व स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज एवढ्याच ठेवाव्यात. ज्या यंत्रासमोर कोणी बसणार नाही त्याला खिडक्या आणि चिन्हे कशाला?

यंत्र सुरू झाले की 'सुडो एपीटी अपडेट' आणि 'सुडो एपीटी अपग्रेड' चालवावे (एपीटी म्हणजे भांडारातून पॅकेजे आणणारी डेबियनची आज्ञा), टाइमझोन एशिया-कोलकाता असा ठरवावा आणि राउटरमध्ये जाऊन या यंत्रासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा, जेणेकरून वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलणार नाही. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी याच वेळी बदलून घ्यावी. ती संपलेली असेल तर वीज गेल्यानंतर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग भांडाराची फाइल 'अजून वैध नाही' अशी तक्रार एपीटी करू लागते. दोष घड्याळात आहे हे कळेपर्यंत माणूस इंटरनेटला बोल लावत राहतो.

फायरवॉलसाठी यूएफडब्ल्यू वेगळे बसवावे लागते. त्यात आधी २२ (एसएसएचचा) आणि ८० (वेबचा) हे पोर्ट उघडावेत आणि त्यानंतरच ते कार्यान्वित करावे. क्रम उलटा झाला आणि यंत्र दूर असले तर आपणच आपल्याला बाहेर कोंडून घेतो. डेटाबेसचा ३३०६ हा पोर्ट उघडण्याचे कारण नाही.

वेब सर्व्हर आणि पीएचपी

'सुडो एपीटी इन्स्टॉल' यापुढे एन्जिन-एक्सचे नाव द्यावे. पॅकेजचे नाव एन, जी, आय, एन, एक्स या पाच अक्षरांचे आहे. बसवणे पूर्ण होताच तो सुरूही होतो. त्याच वाय-फायवरील मोबाइलच्या ब्राउझरमध्ये यंत्राचा आयपी पत्ता टंकल्यावर स्वागताचे पान दिसले, की पहिला सांधा जुळला.

पीएचपी बसवताना एक चूक फार जणांकडून होते. नुसते 'पीएचपी' हे पॅकेज मागितले तर डेबियन सोबत अपाचीही आणून बसवते आणि मग ८० क्रमांकाच्या पोर्टवर दोन सर्व्हर हक्क सांगू लागतात. म्हणून 'पीएचपी-एफपीएम', 'पीएचपी-मायएसक्यूएल', 'पीएचपी-एमबीस्ट्रिंग' आणि 'पीएचपी-इंटल' अशी नेमकी नावे द्यावीत. शेवटची दोन मराठीसाठी अपरिहार्य आहेत. त्यांचे काम पुढे येईल.

आता साइटची फाइल. ती '/ईटीसी/एन्जिनएक्स/साइट्स-अव्हेलेबल' या फोल्डरात लिहावी, तिच्यात साइटच्या फोल्डरचा मार्ग आणि पहिल्या पानाचे नाव द्यावे, आणि पीएचपी फाइलींसाठीच्या लोकेशन विभागात एन्जिन-एक्सची तयार फास्टसीजीआय फाइल जोडून पीएचपीच्या सॉकेटचा, म्हणजे एन्जिन-एक्स आणि पीएचपी जिच्यातून बोलतात त्या फाइलीचा, मार्ग लिहावा. डेबियन १३ मध्ये पीएचपी ८.४ येते, तेव्हा सॉकेटच्या नावातही ८.४ असते, डेबियन १२ साठी लिहिलेल्या एखाद्या टिपणावरून ओळ जशीच्या तशी उतरवली तर तिथे ८.२ असते आणि ब्राउझर ५०२ ही चूक दाखवतो. सॉकेटचे खरे नाव '/रन/पीएचपी' या फोल्डरात डोळ्यांनी पाहून मगच लिहावे. त्यानंतर साइट्स-एनेबल्ड फोल्डरात या फाइलीचा सिमलिंक (मूळ फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा) करावा, तिथला डिफॉल्ट नावाचा सिमलिंक काढावा, एन्जिन-एक्सला 'डॅश टी' हा पर्याय देऊन लिखाण तपासून घ्यावे आणि ते बिनचूक असल्याचे उत्तर आल्यावरच एन्जिन-एक्सच्या नावासह 'सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड' करावे.

तपासणीसाठी पीएचपीइन्फो दाखवणारी एका ओळीची फाइल साइटच्या फोल्डरात ठेवावी. जांभळट पट्ट्यांचे लांबलचक पान दिसले तर दुसरा सांधा जुळला. पान दिसण्याऐवजी ती फाइल मोबाइलवर उतरू लागली, तर मात्र काम तत्काळ थांबवून लोकेशन विभाग पुन्हा पाहावा. याचा अर्थ सर्व्हर पीएचपी चालवत नसून तिचा मजकूर जसाच्या तसा वाटतो आहे, आणि त्या मजकुरात उद्या डेटाबेसचा पासवर्ड असणार आहे. खात्री झाली की ही तपासणीची फाइल पुसून टाकावी. पासवर्डची फाइल तर साइटच्या फोल्डराबाहेरच ठेवणे योग्य.

परवानग्यांविषयी थोडक्यात : फोल्डरांना ७५५ (मालकाला सर्व अधिकार, इतरांना पाहण्यापुरते), फाइलींना ६४४ (मालकाला लिहिणे-वाचणे, इतरांना फक्त वाचणे), आणि ज्या एका फोल्डरात मुखपृष्ठांची छायाचित्रे चढवायची तेवढ्याचीच मालकी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या, म्हणजे ज्याच्या नावाने वेब सर्व्हर व पीएचपी चालतात त्या, वापरकर्त्याकडे. अडचण आली की सगळ्यांना ७७७ (कोणालाही काहीही करण्याची मुभा) देऊन मोकळे होणे म्हणजे कुलूप नीट लागत नाही म्हणून दारच काढून ठेवणे होय.

छायाचित्रांवरून आठवले. एन्जिन-एक्स मुळात एक एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही आणि ४१३ ही चूक देतो. ती मर्यादा वाढवली तरी पीएचपीची स्वतःची दोन एमबीची मर्यादा उरतेच. दोन्ही वाढवाव्या लागतात. पीएचपीची आयएनआय फाइल दोन जागी असते, एक एफपीएम फोल्डरात आणि एक सीएलआय फोल्डरात. वेबसाठी एफपीएममधलीच बदलावी आणि मग एफपीएम सेवा पुन्हा सुरू करावी.

डेटाबेस आणि देवनागरी

'मारियाडीबी-सर्व्हर' हे पॅकेज बसवल्यावर 'मारियाडीबी-सिक्युअर-इन्स्टॉलेशन' चालवून निनावी वापरकर्ते आणि चाचणीचा डेटाबेस काढून टाकावेत. डेबियनवर मारियाडीबीचा रूट वापरकर्ता लिनक्सच्या ओळखीवरच आत येतो, त्याला वेगळा पासवर्ड लागत नाही. ही व्यवस्था चांगली आहे, ती बदलू नये. ग्रंथसूचीसाठी स्वतंत्र डेटाबेस आणि स्वतंत्र वापरकर्ता तयार करून त्याला त्या एकाच डेटाबेसमध्ये वाचणे, भरणे, बदलणे आणि काढणे एवढेच अधिकार द्यावेत.

आता अक्षरसंचाचा प्रश्न, जो गोव्यात फसवे रूप घेऊन येतो. जुन्या डेटाबेसमध्ये लॅटिन-१ हा संच असे. पोर्तुगीजमधील शेपटीचा सी आणि डोक्यावर नागमोडी रेघ असलेले ए व ओ या संचात मावतात. त्यामुळे पहिली पन्नास पोर्तुगीज पुस्तके भरून पाहिली की सारे व्यवस्थित दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. मराठी नावे भरायला घेतल्यावर अडचण उघडी पडते. मला पूर्वी एकदा दुसऱ्या एका ठिकाणी भरलेली सूची सुधारण्यासाठी दिली गेली होती. तिच्यात पोर्तुगीज नावे अचूक होती आणि शेकडो मराठी पुस्तकांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या. ती नावे परत आणण्याचा मार्ग नव्हता. दाखलपत्रे काढून सगळी नोंद पुन्हा हाताने करावी लागली. कोणीतरी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून टंकलेले ते काम होते, म्हणून त्याचे वाईट अधिक वाटले.

हे टाळण्यासाठी डेटाबेस तयार करतानाच 'यूटीएफ८एमबी४' हा अक्षरसंच आणि 'यूटीएफ८एमबी४-युनिकोड-सीआय' हा तुलनेचा नियम स्पष्ट लिहावा. सीआयसारख्या जोडण्यांच्या जागी टंकताना अधोरेषा असते. एवढ्याने अर्धेच काम होते. पीएचपी आणि मारियाडीबी यांच्यामधील जोडणीलाही तोच अक्षरसंच सांगावा लागतो (पीडीओ आणि मायएसक्यूएलआय या पीएचपीच्या अशा जोडणीच्या दोन रीती) : पीडीओ वापरत असाल तर जोडणीच्या ओळीतच, मायएसक्यूएलआय वापरत असाल तर जोडणी होताच 'सेट-कॅरसेट'ने. थर दोन्ही बाजूंनी नीट असूनही मधला सांधा निसटतो तो नेमका इथे.

खात्री करून घेण्याची रीत अशी. पहिली नोंद म्हणून 'गोवा' हा एकच शब्द वेबपानावरून भरावा आणि मारियाडीबीच्या खिडकीत त्या रकान्याचे 'हेक्स', म्हणजे बाइटांचे षोडशमान पद्धतीतले रूप, मागावे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे असते आणि त्याची सुरुवात 'ई०ए४' किंवा 'ई०ए५' अशी होते. 'गोवा' या शब्दात ग, ओकाराची मात्रा, व आणि काना अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट आणि चोवीस हेक्स अंक दिसले पाहिजेत. त्याऐवजी '३एफ' पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ती खरोखरची प्रश्नचिन्हे आहेत आणि मूळ अक्षरे गेलेली आहेत. सुरुवात 'सी३ए०' अशी असेल तर मजकूर दोनदा गुंडाळला गेला आहे. जोडणीचा अक्षरसंच चुकल्याचे ते लक्षण आहे, पण असा मजकूर बहुधा परत सोडवता येतो. हेक्स बरोबर आणि पानावर मात्र प्रश्नचिन्हे, असे असेल तर नोंद सुरक्षित असून केवळ वाचतानाची जोडणी चुकली आहे. पहिल्या शब्दावर पाच मिनिटे खर्च करून हे पाहिले, की हजारो नोंदींची काळजी मिटते.

हाच 'गोवा' शब्द पीएचपीला मोजायला दिला तर तिचे नेहमीचे 'स्ट्रलेन' बारा सांगते, 'एमबी-स्ट्रलेन' चार सांगते आणि इंटलमधील 'ग्राफीम-स्ट्रलेन' दोन सांगते. वाचकाला दिसणारी अक्षरे दोनच आहेत. यादीत लांब नावे आखूड करून दाखवायची असतील तर ग्राफीम प्रकारातली फंक्शनेच वापरावीत, नाहीतर काना-मात्रा तुटून पडतात किंवा शेवटी काळा चौकोन उमटतो.

आणखी एक बारकावा मराठीचा स्वतःचा आहे. 'दऱ्या', 'चिरेबंदी घराच्या पायऱ्या' यांतला अर्धा र टंकण्याच्या एकाहून अधिक पद्धती आहेत : काही कळफलक त्यासाठी नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, बाइट मात्र वेगळे असतात. नुक्ता स्वतंत्र टंकला असेल तर इंटलमधील 'नॉर्मलायझर' त्याला एकरूप करतो. जोडचिन्हाचा प्रकार त्याच्या कक्षेत येत नाही, तो नोंद भरतानाच स्वतंत्रपणे बदलून घ्यावा लागतो. शोधासाठी टंकलेला शब्दही याच चाळणीतून न्यावा.

वीज जाईल हे धरून चालावे

मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की खेड्यात वीज दिवसातून दोन-तीनदा जाणे नवल नाही. मारियाडीबीचे इनोडीबी या साठवण-प्रकारातले तक्ते अशा धक्क्यातून स्वतः सावरतात, कारण प्रत्येक व्यवहार आधी नोंदवहीत लिहून मगच तो पूर्ण झाल्याचे ते सांगतात. 'इनोडीबी-फ्लश-लॉग-अ‍ॅट-टीआरएक्स-कमिट' ही किंमत मुळात १ असते. ती २ केल्यास वेग वाढतो असा सल्ला ठिकठिकाणी मिळतो, पण आपल्याकडे तो मानू नये. वीज गेली तर शेवटच्या सुमारे सेकंदभरातील नोंदी जातात आणि ग्रंथसूचीला त्या वेगाची गरजही नाही. जुन्या प्रणालीतून आलेले तक्ते मायआयसॅम प्रकारचे असतील तर ते इनोडीबीत बदलून घ्यावेत, कारण मायआयसॅममध्ये असे सावरणे नाही.

यंत्राच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करावे याची एक निवड असते. ती 'पॉवर ऑन' अशी ठेवावी. यूपीएसला यूएसबी केबल असेल तर ती जोडून 'नट' हे पॅकेज बसवावे, म्हणजे बॅटरी संपत आल्यावर यंत्र रीतसर बंद होते. यात एक खाच आहे : यंत्र बंद झाले आणि यूपीएस पूर्ण संपण्याआधीच वीज आली, तर यंत्राच्या दृष्टीने वीज गेलेलीच नसते आणि ते बंदच राहते. म्हणून बंद होताना यूपीएसनेही आपला पुरवठा तोडावा अशी सूचना नटमध्ये द्यावी लागते. विजांच्या कडकडाटात राउटरकडून येणारी केबलही काढून ठेवणे हिताचे असते, कारण धक्का केवळ पॉवरच्या तारेतून येत नाही.

हे सगळे झाल्यावर, खऱ्या नोंदी भरण्याच्या आधी, वाचनालयात कोणी नसताना आम्ही मुख्य प्लग सरळ खेचला. यूपीएसही बाजूला काढला होता. पुन्हा वीज दिल्यावर कोणीही बटण न दाबता, पडदा न जोडता, दोनेक मिनिटांत मोबाइलवर 'गोवा' हा शब्द दिसला. त्या दिवशी सर्व्हर तयार झाला असे मी मानतो. एखादी सेवा अशा वेळी उठली नाही, तर 'सिस्टिमसीटीएल इज-एनेबल्ड' या आज्ञेने ती आपोआप सुरू होण्याच्या यादीत आहे का ते पाहावे आणि कारण 'जर्नलसीटीएल'मध्ये शोधावे.

प्रती, आणि त्या परत उघडून पाहणे

रात्रीची प्रत 'मारियाडीबी-डंप'ने घ्यावी आणि त्याला 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' हा पर्याय द्यावा. आज्ञा थेट क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीत) न लिहिता लहानशा स्क्रिप्टमध्ये लिहावी. फाइलीच्या नावात तारीख घालण्यासाठी टक्क्याचे चिन्ह लागते आणि क्रॉनटॅब त्या चिन्हाला ओळीचा शेवट समजतो, त्यामुळे टर्मिनलमध्ये उत्तम चालणारी आज्ञा रात्री मुकाट्याने फसते. प्रत '/टीएमपी' फोल्डरात कधीही ठेवू नये, कारण डेबियन १३ मध्ये तो फोल्डर मेमरीतच राहतो आणि यंत्र बंद होताच रिकामा होतो. चढवलेल्या छायाचित्रांचा फोल्डर 'आरसिंक'ने वेगळा उतरवावा. आठवड्यातून एकदा सगळे पेनड्राइव्हवर घेऊन ते वाचनालयाबाहेर, एखाद्या कार्यकारिणी सदस्याच्या घरी ठेवावे. कौलातून पाणी गळले तर यंत्र आणि त्याच्याशेजारचा पेनड्राइव्ह दोन्ही एकत्रच भिजतात.

महिन्यातून एकदा शेवटची प्रत वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये उघडावी, नोंदींची संख्या मूळ डेटाबेसशी ताडून पाहावी आणि कोणत्याही एका मराठी नावाचे हेक्स पुन्हा तपासावे. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये.

सूची गावाबाहेरच्या वाचकांनाही दाखवायची असेल तर हे यंत्र इंटरनेटवर उघडे करण्याच्या भरीस पडू नये. घरगुती जोडण्यांवर बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, आणि मिळाला तरी वाचनालयाचे अंतर्गत जाळे त्यासोबत उघडे पडते. भाड्याचा लहान व्हीपीएस (इंटरनेटवरील आभासी सर्व्हर) घेऊन त्यावर हीच मांडणी करावी, ४४३ हा सुरक्षित एचटीटीपीएस जोडणीचा पोर्ट उघडावा आणि 'सर्टबॉट'ने लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र घ्यावे. ते विनामूल्य असते, ९० दिवस चालते आणि सर्टबॉट मुदतीपूर्वी त्याचे नूतनीकरण करतो. 'ड्राय-रन' हा पर्याय देऊन नूतनीकरणाची रंगीत तालीम एकदा करून पाहावी. व्हीपीएसवर 'अनअटेंडेड-अपग्रेड्स'ही सुरू ठेवावे, म्हणजे सुरक्षेचे बदल कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाहीत.

शेवटी वाचनालयाच्या कपाटात एक वही ठेवली. तिच्यात यंत्राचा आयपी पत्ता, डेटाबेसचे नाव, साइटच्या फोल्डराचा मार्ग, प्रत कुठे पडते, ती परत कशी उघडायची आणि मागच्या वेळी ती कोणत्या तारखेला उघडून पाहिली हे मराठीत लिहिले आहे. पासवर्ड वहीत नाहीत. ते बंद पाकिटात घालून चिटणीसांकडे दिले आहेत.